गाळा नंबर चारची किल्ली

तुमच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहून पाठवा, असं संपादकांनी कळवलं. गमतीजमती आहेत. पण लिहायला बसलो की दरवेळी एकच गोष्ट वर येते, आणि ती आली की अजूनही डोकं तापतं. तेव्हा वाचकांनी गमतीची आशा थोडी कमी धरावी.

माझा धंदा बारदान्याचा. बारदाना म्हणजे रिकामी पोती. पाहुण्यांना हे सांगितलं की ते आधी हसतात आणि मग विचारतात, रिकाम्या पोत्यात काय कमवता? पोत्याचा जन्म साखर कारखान्यात होतो. साखर गेली की त्यात ज्वारी भरतात, ज्वारीनंतर सरकी पेंड, पेंडीनंतर कोळसा, आणि शेवटी त्याचं उंबऱ्यापुढचं पायपुसणं होतं. या प्रत्येक टप्प्याला ते कोणीतरी विकतं आणि कोणीतरी घेतं. त्या दोघांच्या मध्ये मी बसलेलो असतो. पोतं हातात घेतलं की डोळे मिटून सांगतो, किती हातांतून आलंय, उंदरानं कुठं कुरतडलंय, आणि विकणारा कितपत खोटं बोलतोय. भाव करताना चांगल्या पोत्याकडं आधी बघायचं नाही, एवढं एक गुपित सांगून ठेवतो.

मूळचा मी धर्मापुरीकडचा. हातात एक दाभण आणि सुतळीचा गुंडा घेऊन माजलगावच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, फाटकी पोती शिवायला आलो. शिवता शिवता विकायला शिकलो आणि वडवणीत, बाजाराच्या रस्त्याला, एक गाळा भाड्यानं घेतला. ओळीनं पाच गाळे होते. माझा तिसरा. पाचही गाळ्यांचे मालक तात्या. तात्या म्हणजे गावचे मोठे जमीनदार, सोसायटीचे चेअरमन, आणि कारखान्याच्या निवडणुकीत ज्यांच्याकडं बघून लोक मत ठरवतात असे. भाडं हातात द्यायचं. पावती मागितली तेव्हा तात्या म्हणाले, "आपल्यात पावती कशाला बे?" आणि चहा मागवला. त्या चहावर माझी आठ वर्षं गेली.

चौथ्या गाळ्यात परमेश्वर लोहार होता. तो आणि त्याची बायको कौसल्याबाई. तो लोखंड धरायचा, ती घण मारायची. दसऱ्याच्या आधी ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांचे कोयते करायचे, मृगाच्या आधी वखराच्या पासा आणि नांगराचे फाळ. मी दिवसभर पोती झटकायचो, त्यांच्या भात्यावर धूळ बसायची. कौसल्याबाई ओरडायच्या, "भाऊ, आमच्या भाकरीला तुमच्या पोत्याची चव लागाया लागली." मी म्हणायचो, "मग भाकरीचे पैसे मला द्या." असा आमचा शेजार.

लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले. माजलगावच्या धरणात चिखलाला भेगा पडल्या. शेतात ज्वारी नाही तर पोतं कोणाला पाहिजे? माझा माल गाळ्यात तसाच थप्पी लावून पडला. जनावरांसाठी चारा छावणी निघाली आणि ती तात्यांच्या सोसायटीला मिळाली. मग तात्या एक दिवस गाळ्यासमोर येऊन उभे राहिले.

"अंकुश, म्हयन्याभरात गाळे खाली करा सगळ्यांनी. छावणीची पेंड ठिवायला जागा पायजे."

"पेंडीला पायजे हे खरं हाय तात्या. पर मला बी पायजे."

"जागा कोणाची हाय बे?"

"जागा तुमचीच. ताबा माझा."

तात्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू पोतंच बोललं. मालकी वेगळी आणि ताबा वेगळा, हे मला माजलगावच्या कोर्टाबाहेर बसणाऱ्या एका अर्जनवीसानं शिकवलं होतं. त्याला टेबलावर घालायला पोतं हवं होतं. ते मी फुकट दिलं आणि बदल्यात अख्खा कायदा उचलून आणला. आयुष्यातला सगळ्यात चांगला सौदा तोच.

तो सौदा वाचकांनाही देतो. भाडेकरूला बाहेर काढायचं तर मालकाला कोर्टातून हुकूम आणावा लागतो. तोंडी सांगून, माणसं पाठवून, पाणी किंवा लाईट तोडून काढता येत नाही. करारनामा नाही म्हणून तुम्ही भाडेकरू नाही असं होत नाही. मालक भाडं घ्यायचं बंद करतो, कारण पुढं त्याला कोर्टात म्हणायचं असतं की यानं भाडंच दिलं नाही. तेव्हा मनीऑर्डर करायची. मालक नाकारतो, पोस्टमन 'घेण्यास नकार' असा शेरा मारून ती परत आणतो. तो शेरा पावतीपेक्षा भारी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दुकान सलग सहा महिने बंद ठेवायचं नाही. मालक तेवढंच धरून बसतो की याला जागेची गरजच नाही.

म्हणून मी त्या दुष्काळात रोज गाळा उघडला. गिऱ्हाईक नाही, नवा माल नाही. तीच पोती खालून वर आणि वरून खाली करायचो. लाईटचं मीटर माझ्या नावावर होतं. भर दुपारी, टळटळीत उन्हात, बल्ब लावून बसायचो. लोक म्हणायचे, शेठचं डोकं फिरलं. फिरत मीटर होतं, आणि दर बिलावर ते छापून येत होतं.

बाकीचे तिघे भाडेकरू महिना संपायच्या आत निघून गेले. न्हावी तर जाताना तात्यांच्या पाया पडून गेला. कशासाठी पडला ते त्यालाच माहीत. राहिलो मी आणि परमेश्वर.

आता आमच्या भागातली एक रीत सांगायला पाहिजे, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. दसऱ्यानंतर निम्मी वस्ती ऊस तोडायला पाच-सहा महिने बाहेर जाते. जाताना घराला कुलूप लावायचं आणि किल्ली गावात मागं राहणाऱ्या मोठ्या माणसाकडं ठेवायची. वडवणीत ती तात्यांच्या बैठकीत ठेवत. भिंतीला एक लांब फळी, तिच्यावर खुंट्या, आणि खुंट्यांवर पन्नाससाठ किल्ल्या. प्रत्येक किल्लीला चिंधी बांधलेली. कोणाची धोतराची, कोणाची जुन्या लुगड्याच्या काठाची. परत आलं की आपली चिंधी ओळखायची आणि किल्ली घ्यायची. त्या फळीवर किल्ली असलेल्या घरातून कधी कोणाची वाटीही गेली नाही. हे मी तात्यांचा वैरी असूनही लिहितो, कारण ते खरं आहे. तात्या मोठे झाले ते त्या फळीमुळं. चेअरमनकी नंतरची.

त्या वर्षी परमेश्वरानं गावाचे सगळे कोयते करून दिले. मग पुढं करायला काही उरलं नाही. शेतच नाही तर फाळ कोणाला? शेवटचे दोन कोयते त्यानं स्वतःसाठी आणि कौसल्याबाईंसाठी केले.

दोघं तोडीला निघालेत हे मला कळलं तेव्हा मी त्याच्या गाळ्यात गेलो. तो कुलूप शोधत होता.

"किल्ली कुठं ठिवनार?"

"कुठं म्हंजी? तात्याच्या खुंटीला."

"डोकं हाय का तुला? त्यो गाळा खाली करायला सांगतोय आन् तू त्यालाच किल्ली देतो? मला दे."

"शेठ, माझ्या बापाची किल्ली तिथंच ऱ्हायाची. आता तुमाला दिली तर तात्याला काय वाटंल? इस्वास न्हाई असं झालं की. परत आल्यावर कोणत्या तोंडानं उभा ऱ्हाऊ?"

"इस्वास कसला बे! कागद कर मग. किल्ली राखायला दिली, असं लिहून घे त्याच्याकडून."

"खुंटीवरच्या किल्लीचा कोणी कागद करतं का?"

कौसल्याबाई मध्ये पडल्या. "भाऊ, तुमी जरा गोडीनं सांगा की. ह्यांना पटंल."

मी गोडीनं सांगितलं नाही. "जा, मर," म्हणालो आणि माझ्या गाळ्यात येऊन बसलो. शेकडाभर पोत्यांसाठी मी अर्धा दिवस घासाघीस करतो, उठून जाऊन परत येतो, शपथा खातो. त्या किल्लीसाठी दहा मिनिटं घासाघीस केली असती तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. परमेश्वर खुंटीवर किल्ली अडकवून गेला. तिला कौसल्याबाईंच्या हिरव्या लुगड्याची चिंधी होती.

दिवाळी झाली आणि तात्या परत आले. या खेपेला आत येऊन माझ्या थप्पीवर बसले.

"अंकुश, छावणीत पेंडीची पोती रोज रिकामी व्हायलीत. शेकड्यानं. कोणाला तरी द्यायचीच हायती."

माझे कान ताठ झाले. दुष्काळात बारदानेवाल्याला पोती म्हणजे काय, ते दुसऱ्याला कळणार नाही. बाहेरच्या जिल्ह्यात, जिथं पाऊस होता, तिथं पोत्यांना चांगला भाव होता.

"आन् बदल्यात गाळा सोडू?"

"सोडला तर बरंच. न्हाई सोडला तर तुझं आन् माझं कोर्टात बघू. पोती तरी बी घे. फक्त दुसऱ्याच्या भानगडीत पडू नगंस."

मला वाटलं, मी जिंकलो. गाळा राहिला, वर पोती मिळाली, आणि दिलं काय, तर काहीच नाही. दुसऱ्याची भानगड कोणती, हे मी विचारलं नाही. भाव आपल्या बाजूला आला की प्रश्न विचारायचे नाहीत, ही धंद्याची सवय.

आठवड्यानं, सकाळी गाळ्याकडं निघालो तर सोसायटीच्या कारकुनानं वाटेत गाठलं. "पोती गाळा नंबर चारमधून उचला."

मी धावत गेलो. चौथ्या गाळ्याचं दार सताड उघडं. आत रातोरात रचलेली पेंडीची पोती छतापर्यंत, एका कोपऱ्यात रिकाम्यांचा ढीग. आणि रस्त्यापलीकडं, लिंबाच्या झाडाखाली, परमेश्वराची ऐरण, भाता, घण आणि मोडकी पेटी. ऐरण उलटी पडली होती. लोहाराची ऐरण उलटी करत नाहीत, हे दुष्काळातल्या हमालांनाही माहीत असतं.

मागून आलेल्या कारकुनाची मी कॉलर धरली. "कुलूप तोडलं का बे?"

"सोडा हो. तोडायचं कावून? किल्ली व्हती की खुंटीला."

किल्ली होती. हिरव्या चिंधीसकट दाराच्या कोयंड्याला लटकत होती.

मी परमेश्वराला फोन लावला, लागला नाही. त्याच्या मुकादमाला निरोप दिला. मग मी काय केलं ते लिहितो. मी पोती उचलली. तोंडानं तात्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतो आणि हातानं पोती मोजून टेम्पोत टाकत होतो. रागावलेल्या माणसाला वाटतं, आपण ओरडतोय म्हणजे आपण विरोध करतोय.

त्या पोत्यांवर छावणीचा शिक्का होता. शिक्क्याचं पोतं पावतीशिवाय उचलायचं नाही, चोरीचा माल ठरतो, हा धंद्याचा पहिला नियम. म्हणून मी पावती मागितली. आणि मला एक हुशारी सुचली. कारकुनाला म्हटलं, "पोती कुठून दिली ते बी लिही. गाळा नंबर चार, असं स्पष्ट लिही." मनात म्हणालो, चोराच्या हातूनच चोरी लिहून घेतली. उद्या कोर्टात हीच पावती तात्यांच्या गळ्यात घालीन. कारकून हसत होता. मला वाटलं, घाबरून हसतोय. त्यानं लिहिलं, तारीख टाकली, मी खाली 'माल मिळाला' म्हणून सही ठोकली. 'गाळा नंबर चार' एवढे शब्द बघितले आणि एक प्रत खिशात घातली.

सही करायच्या आधी वाचा, असं मी आजवर शेकडो लोकांना बजावलंय.

मुकादमानं परमेश्वराला सोडलं नाही. आधी घेतलेली उचल फिटेपर्यंत टोळीतला माणूस हलू शकत नाही. ज्याला जागेबाहेर काढलं त्यानं सहा महिन्यांच्या आत कोर्टात गेलं तर ताबा लवकर परत मागता येतो, मालकी कोणाची हे त्यात बघत नाहीत. कायद्याचे सहा महिने आणि आमच्या ऊसतोडीचे सहा महिने एकाच मापाचे निघावेत, याला काय म्हणायचं? कायदा करणाऱ्यानं कधी कोयता धरला नव्हता, दुसरं काय. परमेश्वर आणि कौसल्याबाई आले तेव्हा मुदतीतले तीन आठवडे उरले होते. मी त्याला गाळ्यापुढं थांबूही दिलं नाही. तसाच एसटीत घालून माजलगावला नेला आणि दावा लावला.

तात्यांचं म्हणणं सरळ होतं. लोहारानं धंदा सोडला, स्वतः येऊन किल्ली दिली, गाळा खाली केला. आमच्या वकिलांनी सांगितलं, "एक साक्षीदार आणा, जो म्हणेल की खुंटीवर किल्ली ठेवणं म्हणजे राखणीला देणं. मग झालं."

पन्नाससाठ किल्ल्या होत्या त्या फळीवर. मी घरोघर फिरलो. एका म्हाताऱ्यानं चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाला, "शेठ, तुमचं समदं खरं हाय. पर दसऱ्याला आमची किल्ली परत तिथंच ठिवायची हाय." सगळ्यांचं उत्तर तेच. पुढच्या वर्षी किल्ली ठेवायची कुठं? कर्ज मागायचं कोणाला? सोसायटी तात्यांचीच.

मग मीच उभा राहिलो. रीत सांगितली, चिंध्या सांगितल्या. बोलताना आवाज चढला तर न्यायाधीशांनी हळू बोलायला सांगितलं. आणि मग मी, आमच्या वकिलांनाही न दाखवता जपून ठेवलेली पावती मोठ्या ऐटीत खिशातून काढली. गाळा नंबर चारमध्ये तात्यांनी पेंड भरल्याचा पुरावा.

समोरच्या वकिलांनी ती घेतली. त्यांना घाई नव्हती.

"ही सही तुमची?"

"माझीच."

"वाचता येतं तुम्हाला?"

"तुमच्यापेक्षा बरं येतं."

"मग वाचा. मोठ्यानं."

मी वाचलं. पावतीत लिहिलं होतं: सोसायटीचे गोडाऊन, गाळा नंबर चार, जो परमेश्वर लोहार याने किल्ली देऊन सोडला आहे, तेथून रिकामी पोती दिली. खाली: माल मिळाला. खाली माझं नाव.

"म्हणजे लोहारानं गाळा सोडल्याचं तुम्ही त्याच वेळी लिहून दिलंत. आणि त्याच गाळ्यातला माल घेऊन विकलातही."

मी काय काय बोललो ते छापण्यासारखं नाही. न्यायाधीशांनी मला बाहेर बसवलं. आमच्या वकिलांनी सावरायचा प्रयत्न केला, पण परमेश्वराचा एकुलता एक साक्षीदार त्याच्याच विरुद्ध सही करून बसला होता. दावा फेटाळला. वरच्या कोर्टात जाऊ म्हटलं तर परमेश्वर म्हणाला, "शेठ, ऱ्हाऊ द्या आता. तारखेला जायचं का पोट भरायचं?"

तात्यांनी माझ्यावरही दावा लावला होता. भाडं थकलं आणि दुकान बंद होतं म्हणून. मी मनीऑर्डरीचे शेरे आणि लाईटची बिलं मांडली. तो दावा मी जिंकला. तिसरा गाळा आजही माझ्याकडं आहे. लोक अजून त्या बल्बची गोष्ट सांगतात आणि मला हुशार म्हणतात. मी पेढे वाटले नाहीत. ज्याच्याकडं कागद त्याचा गाळा राहिला, ज्याच्याकडं विश्वास त्याचा गेला. याला न्याय म्हणायचं असेल तर म्हणा. ज्या माणसानं गावाची पन्नास घरं वर्षानुवर्षं राखली, त्यानंच एक किल्ली खुंटीवरून काढून दार उघडलं आणि गावानं ते बघून न बघितल्यासारखं केलं. त्याचा राग माझा आजही गेलेला नाही आणि जाऊ द्यायचाही नाही.

चौथ्या गाळ्याच्या जागी आता तात्यांच्या पुतण्याचं खताचं दुकान आहे. परमेश्वरानं रस्त्यापलीकडं, त्याच लिंबाखाली, ऐरण सरळ केली आणि भाता लावला. अजून तिथंच आहे.

तात्यांची फळी हळूहळू रिकामी झाली. दुसऱ्या दसऱ्याला चारदोन किल्ल्या माझ्याकडं आल्या, मग दहा, मग वीस. आता माझ्याच गाळ्यात फळी आहे. पोत्यांचा धंदा प्लास्टिकच्या गोण्यांनी खाल्ला, किल्ल्या मात्र वाढल्या. मी प्रत्येकाला छापील चिठ्ठी देतो: किल्ली राखणीला घेतली, ताबा देणाऱ्याचाच आहे. सही माझी. देण्याआधी समोरच्याला मोठ्यानं वाचायला लावतो. वाचता येत नसेल तर वाचणाऱ्याला बोलावतो. लोक कंटाळतात. कंटाळू देत.

मागच्या दसऱ्याला परमेश्वर आणि कौसल्याबाई परत तोडीला निघाले. रांगेत किल्लीवाले उभे होते. कौसल्याबाई रांगेच्या बाजूनं पुढं आल्या. हातात किल्ली नव्हती. झाडाला कसली किल्ली?

"भाऊ, ऐरण हितंच ठिवून चाललोय. तेवढं ध्यान असू द्या."

मी चिठ्ठ्यांचं पुस्तक ओढलं आणि पेन उघडलं. त्यांनी पुस्तकावर हात ठेवला.

"नगं भाऊ. तुमची सही आमी कोर्टात ऐकली हाय."

असं म्हणून त्या टेम्पोत जाऊन बसल्या. मी रोज गाळा उघडायच्या आधी रस्ता ओलांडून जातो आणि ऐरण सरळ आहे का ते बघून येतो.